एआयच्या फोटो-व्हिडिओवर लेबल: २०२६चा नियम काय सांगतो आणि काम कसे करायचे

२० फेब्रुवारी २०२६ पासून भारतात एआयने बनवलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या फोटो, व्हिडिओ आणि आवाजावर ठळक लेबल असणे बंधनकारक झाले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने १० फेब्रुवारीला २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती अधिसूचित केली आणि दहा दिवसांत ती लागू केली. स्थानिक बातम्यांचे यूट्यूब चॅनल चालवणारे, रील बनवणारे, वाढदिवसाचे बॅनर करणारे डिझायनर, नेत्याचे फेसबुक पान सांभाळणारे कार्यकर्ते, क्लासचे व्हिडिओ टाकणारे शिक्षक अशा सगळ्यांच्या रोजच्या कामाशी या नियमाचा संबंध आहे. कलमांची पोपटपंची न करता फाइल हातात आल्यापासून ती अपलोड होईपर्यंत काय करायचे ते क्रमाने पाहू.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. 'लेबलने दहा टक्के जागा व्यापली पाहिजे' असे अजूनही सर्रास सांगितले जाते. ही अट २२ ऑक्टोबर २०२५ला हरकती-सूचनांसाठी काढलेल्या मसुद्यात होती. अंतिम नियमात ती राहिली नाही. आता लेबल ठळक आणि सहज लक्षात येईल असे हवे, एवढीच अपेक्षा आहे. टक्केवारी नाही. मात्र निवडणूक प्रचाराच्या साहित्याला दहा टक्क्यांची अट आहे आणि ती निवडणूक आयोगाच्या वेगळ्या सूचनेतून येते. त्याबद्दल पुढे.

जबाबदारी कोणाची?

हे नियम थेट 'मध्यस्थां'ना, म्हणजे प्लॅटफॉर्म आणि एआय साधने पुरवणाऱ्या सेवांना लागू आहेत. साधन देणाऱ्या सेवेने तयार होणाऱ्या मजकुरावर लेबल लावायचे आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे फाइलमध्ये कायमची ओळखखूण ठेवायची. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मवर आणखी तीन कामे आहेत: अपलोड करणाऱ्याकडून 'हे एआयने केले आहे का' याचे निवेदन घेणे, ते खरे आहे का हे तांत्रिक उपायांनी तपासणे आणि तसे आढळले तर लेबल दाखवणे. जाणूनबुजून डोळेझाक केली तर आयटी कायद्याच्या कलम ७९चे संरक्षण जाते, म्हणजे लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपनीलाच कोर्टात उभे राहावे लागू शकते.

तुमच्या बाजूने याचा अर्थ असा की लेबल विसरले म्हणून ठरावीक रकमेची पावती फाडली जाईल, अशी तरतूद या नियमांत नाही. पण खोटे निवेदन दिले तर पोस्ट उडते, खाते बंद होऊ शकते. मजकूर मुळातच गुन्हा असेल तर भारतीय न्याय संहिता, आयटी कायदा, पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) यांची कलमे लागतातच. आयटी कायद्यातले तोतयेगिरी करून फसवणुकीचे कलम ६६ड घेतले तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शिवाय अशा प्रकरणात, कायद्याच्या चौकटीत, तुमची ओळख पीडित व्यक्तीला कळवली जाऊ शकते, हेही प्लॅटफॉर्मने वापरकर्त्यांना सांगायचे आहे. प्लॅटफॉर्म आता संशयाचा फायदा तुम्हाला देणार नाहीत, हे गृहीत धरून काम करा.

पायरी १: लेबल लागते का, हे ठरवा

नियमाची व्याख्या दृश्य, श्राव्य आणि दृकश्राव्य मजकुरापुरती आहे. एआयकडून लिहून घेतलेला नुसता लेख किंवा कविता तिच्यात येत नाही. फाइल समोर ठेवून तीन प्रश्न विचारा. ती खरी वाटते का? तिच्यात एखादी व्यक्ती किंवा घटना दिसते वा ऐकू येते का? आणि मशीनने केलेल्या बदलाने मूळ अर्थ बदलला का, किंवा मुळात नसलेलेच काही निर्माण झाले का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर लेबल हवे.

नेहमीच्या संपादनाला सूट आहे: उजेड आणि रंग सुधारणे, आवाजातली खरखर काढणे, फाइल लहान करणे, बोललेले लिहून काढणे. मात्र या कामांनी मूळ आशय बदलता कामा नये. प्रामाणिकपणे केलेली सादरीकरणे, पीडीएफ, प्रशिक्षणाचे साहित्य, त्यातली काल्पनिक उदाहरणे यांनाही सूट आहे. भाषांतर, वर्णन किंवा दृष्टिहीन-श्रवणबाधितांसाठी केलेल्या सोयी याही सुटतात.

कागदावर हे सोपे दिसते. गुंता प्रत्यक्ष कामात होतो, म्हणून काही प्रसंग.

लग्नाच्या फोटोतून मागची विजेची तार काढली, तर लेबल लागत नाही. त्याच फोटोत परदेशात अडकलेला भाऊ एआयने आणून उभा केला, तर तो त्या मांडवात नव्हता, म्हणजे घटनाच बदलली. लेबल लावा.

आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो स्वच्छ करून घेतला, तर प्रश्न नाही. तोच फोटो हसतो, डोळे मिचकावतो, बोलतो असा व्हिडिओ केला तर लेबल हवे. घरच्यांसाठी तो कौतुकाचा विषय असतो, पण असे व्हिडिओ घरापुरते राहत नाहीत.

शिवकालातले प्रसंग दाखवणारे एआय व्हिडिओ मोठ्या प्रमाणावर बनतात. 'तेव्हा कॅमेरा नव्हता हे सगळ्यांना माहीत आहे, मग लेबल कशाला?' असा युक्तिवाद ऐकू येतो. आमचे मत स्पष्ट आहे: लावा. दृश्य खऱ्यासारखे असते, त्यात खरी ऐतिहासिक व्यक्ती असते. शिवाय मशीनने अंदाजाने काढलेली तटबंदी, शस्त्रे आणि पेहराव शाळकरी मुले पुरावा म्हणून डोक्यात साठवतात. 'एआयने केलेले कल्पनाचित्र' या तीन शब्दांनी हे टळते.

कार्टून शैलीतला गणपती किंवा बोलणारा आंबा खरा समजला जाण्याची शक्यता नाही. तिथे लेबलाची सक्ती नाही.

मजकूर वाचणारा एआयचा तयार आवाज हा सीमेवरचा प्रकार आहे. तो कोणा विशिष्ट व्यक्तीचा नसला तरी ऐकणाऱ्याला माणूसच बोलतोय असे वाटते. असा आवाज असेल तर सांगून टाकावे. खर्च शून्य आणि पुढचा वाद वाचतो.

लेबल लावूनही जे चालत नाही

'खाली एआय लिहिले आहे ना' ही पळवाट नियमाने ठेवलेली नाही. लहान मुलांचे लैंगिक शोषण दाखवणारे काहीही, संमतीशिवाय केलेली नग्न वा खासगी दृश्ये, अश्लील मजकूर, खोटी कागदपत्रे, स्फोटके-शस्त्रे बनवण्याची माहिती, आणि लोकांना फसवेल अशा रीतीने दाखवलेली खोटी व्यक्ती किंवा खोटी घटना यांना लेबलसह असो वा लेबलविना, जागा नाही. अशा गोष्टी तयारच होऊ नयेत यासाठी साधने पुरवणाऱ्यांनी उपाय करायचे आहेत.

यातले दोन प्रकार महाराष्ट्रात विशेष जपण्यासारखे आहेत. पहिला, खोटा शासन निर्णय. एखाद्या योजनेचा हप्ता वाढला, सुट्टी जाहीर झाली, भरती रद्द झाली असा 'जीआर' आता मुद्रा, सही आणि कार्यासनासह मिनिटभरात बनतो. खरा जीआर ओळखायचा तर शेवटच्या परिच्छेदाकडे बघा. तिथे निर्णयाचा संकेतांक दिलेला असतो. तो आकडा राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील 'शासन निर्णय' विभागात टाकून मूळ पीडीएफ उघडते का ते पाहा. व्हॉट्सॲपवरच्या चित्रात संकेतांकच नसेल किंवा तो टाकल्यावर भलताच निर्णय निघाला, तर पुढे पाठवू नका. सातबारा, जातीचा दाखला, आधार यांचे 'नमुने' गंमत म्हणून बनवून टाकणेही याच खोट्या कागदपत्रांच्या वाटेवरचे आहे.

दुसरा प्रकार खोट्या घटनेचा. सोसायटीच्या जिन्यात बसलेला बिबट्या, पुराच्या पाण्यात कोसळणारा पूल. असे चित्र पसरले की वन विभागाची माणसे नसलेल्या बिबट्यामागे धावतात, आणि खरी खबर येते तेव्हा तिच्यावर कोणाचा विश्वास उरत नाही. बातमीच्या थंबनेलसाठी खरे दृश्य मिळाले नाही तर नकाशा वापरा, जुना फोटो तारीख टाकून वापरा, नुसती अक्षरे वापरा. एआयचा पूर दाखवू नका.

पायरी २: संमती आणि नोंद

खऱ्या व्यक्तीचा चेहरा किंवा आवाज वापरायचा असेल तर लेबलाच्या आधी संमती, आणि तीही लेखी. व्हॉट्सॲपवरचा 'चालेल' हा शब्द कशासाठी होता, हे सहा महिन्यांनी सांगता येत नाही. संमतीपत्रात चार गोष्टी हव्यात: चेहरा, आवाज की दोन्ही; कोणत्या मजकुरासाठी; कोणत्या माध्यमांवर; किती काळ. आवाजाची नक्कल हा कायद्याच्या दृष्टीने आता किरकोळ विषय राहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अरिजित सिंग यांना आणि सप्टेंबर २०२५मध्ये आशा भोसले यांना एआयने केलेल्या आवाजाच्या नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. गायकाचा आवाज हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग मानला गेला. तेव्हा मंडळाच्या आरतीसाठी 'आशाताईंच्या आवाजात' गाणे करून घेणे हे लेबल लावूनही अंगाशी येऊ शकते.

नोंदीसाठी साधी एक्सेल शीट पुरे. प्रत्येक फाइलसमोर तारीख आणि वेळ, कोणी केले, कोणते साधन, दिलेला प्रॉम्प्ट (एआयला लिहिलेली सूचना), वापरलेले मूळ फोटो, संमतीपत्र कुठे ठेवले आहे, आणि कुठे कुठे टाकले. मूळ फाइल आणि लेबल लावलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नावात 'एआय' आणि तारीख घाला. घाईत लेबल नसलेली फाइल ग्राहकाकडे जाणे ही नेहमी घडणारी चूक आहे, आणि तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते: दोन्ही फाइल एकाच नावाने एकाच फोल्डरमध्ये.

पायरी ३: दिसणारे लेबल

हे काम सगळ्यांत महत्त्वाचे. प्लॅटफॉर्मने लावलेले लेबल फक्त त्या प्लॅटफॉर्मवर दिसते. कोणी व्हिडिओ डाउनलोड करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला की ते गळून पडते. कॅप्शनमध्ये लिहिलेला हॅशटॅगही मागेच राहतो. म्हणून लेबल चित्राच्या आतच असायला हवे, पिक्सेलमध्ये भाजलेले.

शब्द. प्रेक्षक मराठी असेल तर लेबल मराठीत लावा. 'एआयनिर्मित दृश्य' हे बहुतेकांना कळते. ज्येष्ठांपर्यंत किंवा गावाकडे जाणारा मजकूर असेल तर 'हे दृश्य संगणकाने तयार केले आहे, खरे नाही' असे लिहिलेले बरे. बदललेल्या खऱ्या फोटोसाठी 'एआयने बदललेला फोटो', आवाजासाठी 'आवाज एआयचा आहे'. फक्त 'कल्पनाचित्र' किंवा 'प्रातिनिधिक' हे शब्द अपुरे आहेत. वर्तमानपत्रे खऱ्या जुन्या फोटोखालीही 'प्रातिनिधिक' लिहीत आली आहेत.

जागा. रील आणि शॉर्ट्सचा आकार १०८० बाय १९२० पिक्सेल. यात वर खात्याचे नाव, खाली कॅप्शन, उजवीकडे लाइक-शेअरची बटणे येतात. इन्स्टाग्राम-फेसबुकची कंपनी मेटा आपल्या रील जाहिरातदारांना वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६ टक्के मोकळे ठेवायला सांगते. हाच हिशेब लेबलासाठी वापरा: वरून २७० पिक्सेल सोडा, डावीकडून ६५ पिक्सेल सोडा आणि तिथून लेबल सुरू करा. खालच्या ६७० पिक्सेलमध्ये ते कधीही ठेवू नका. तळाशी कोपऱ्यात लावलेले लेबल कॅप्शनखाली गडप होते, आणि बनवणाऱ्याला ते एडिटिंगच्या पडद्यावर स्वच्छ दिसत असल्याने चूक लक्षातच येत नाही.

आकार. नियमात माप नाही, म्हणून आमचे माप सांगतो. १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात फॉन्ट ४८च्या खाली नेऊ नका. देवनागरीत बारीक वळणाचा फॉन्ट घेतला की कॉम्प्रेशननंतर अनुस्वार, रफार आणि वेलांट्या पुसट होतात. मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरीचे ठळक वजन घ्या. मागे काळी पट्टी, साधारण ७० टक्के गडद, वर पांढरी अक्षरे. पट्टीची उंची फॉन्टच्या दुपटीइतकी ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार पट्टीबाहेर जातात. रंगीत अक्षरे थेट दृश्यावर टाकली की प्रकाश बदलताच ती नाहीशी होतात.

वेळ. पूर्ण व्हिडिओ एआयचा असेल तर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत लेबल राहू द्या. सुरुवातीला तीन सेकंद पाटी दाखवून काढून टाकली तर मधला तुकडा कापून फिरवणाऱ्याचे काम सोपे होते. खऱ्या चित्रीकरणात मध्येच दोन-तीन एआयची दृश्ये असतील तर त्या दृश्यांपुरते लेबल ठेवा आणि खऱ्या भागावर ठेवू नका. सगळ्यावरच लेबल लावले तर खरे काय ते कळण्याचा मार्गच बंद होतो. थंबनेल विसरू नका; ते वेगळे चित्र असते आणि पुष्कळ लोक फक्त तेच पाहतात.

झाल्यावर तपासणी: फाइल स्वतःच्या दुसऱ्या नंबरवर व्हॉट्सॲपने पाठवा, साध्या फोनवर उघडा, हात लांब करून वाचा. चष्म्याशिवाय वाचता येत नसेल तर लेबल मोठे करा.

पायरी ४: आवाज

नुसत्या आवाजाच्या फाइलला पट्टी लावता येत नाही. नियमाप्रमाणे सुरुवातीलाच ऐकू येईल असा खुलासा हवा. 'या ध्वनिफितीतला आवाज एआयने तयार केला आहे' हे वाक्य चार सेकंदांत होते. ते मूळ आवाजाइतक्याच पातळीवर आणि वेगात ठेवा. विम्याच्या जाहिरातीतल्या अटींसारखे घाईने पुटपुटलेले वाक्य 'ठळक' या कसोटीला उतरत नाही. पार्श्वसंगीत खुलाशानंतर सुरू करा. फाइल दोन-तीन मिनिटांपेक्षा मोठी असेल तर मध्ये आणि शेवटी पुन्हा सांगा. नियम ते मागत नाही, पण सुरुवात कापणे ही सगळ्यांत सोपी लबाडी आहे.

पायरी ५: फाइलच्या पोटातली खूण

एआय साधने फाइलमध्ये दोन प्रकारच्या खुणा ठेवतात. एक म्हणजे 'कंटेंट क्रेडेन्शियल्स', सी२पीए या मानकाप्रमाणे लिहिलेली सही केलेली माहिती: कोणत्या साधनाने, केव्हा, काय केले. चॅटजीपीटीतून निघणाऱ्या चित्रांत ही असते. दुसरी म्हणजे पिक्सेलमध्येच विणलेली अदृश्य खूण, जसे गुगलचे सिंथआयडी. पहिली सहज नष्ट होते, दुसरी थोडीफार कापाकापी आणि कॉम्प्रेशन सोसते.

नियमाप्रमाणे ही खूण किंवा लेबल काढण्याची, दडपण्याची सोय प्लॅटफॉर्मने द्यायची नाही. तुम्ही ती नकळत घालवू नये यासाठी: स्क्रीनशॉट काढून वापरू नका, मूळ फाइल डाउनलोड करा. ग्राहकाला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवा. फोटोशॉपमध्ये एक्सपोर्ट करताना मेटाडेटाचा (फाइलसोबत साठवलेल्या माहितीचा) पर्याय 'नन' वर ठेवू नका. आणि शेवटी कंटेंट क्रेडेन्शियल्सच्या 'व्हेरिफाय' पानावर फाइल टाकून माहिती शिल्लक आहे का ते पाहा. गुगलच्या साधनांनी केलेले चित्र असेल तर जेमिनी ॲपमध्ये चढवून 'हे एआयने केले आहे का' असे विचारता येते. उत्तर 'नाही' आले म्हणजे चित्र खरे आहे असे मात्र नाही. गुगलची खूण सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी ६: अपलोड करताना निवेदन

यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओ चढवताना तपशिलाच्या पानावर खाली 'शो मोअर' दाबा, 'ऑल्टर्ड कंटेंट' या भागात 'यस' निवडा. खऱ्या व्यक्तीने न केलेले-न बोललेले दाखवले असेल, खऱ्या जागेचे वा घटनेचे दृश्य बदलले असेल किंवा न घडलेला प्रसंग खऱ्यासारखा दाखवला असेल तर 'यस'. स्क्रिप्ट सुचवायला एआय वापरले, सौंदर्याचा फिल्टर लावला, ढोबळ ॲनिमेशन केले, तर यूट्यूब ते मागत नाही. लेबल एरवी वर्णनात दिसते; आरोग्य, बातम्या, निवडणूक, पैसा या विषयांवर ते थेट व्हिडिओवर येते.

इन्स्टाग्रामवर पोस्ट शेअर करण्याआधीच्या शेवटच्या पडद्यावर खालच्या पर्यायांत एआय लेबलचे बटण असते. ते चालू करा. बटणांची नावे आणि जागा ॲपच्या आवृत्तीप्रमाणे बदलतात, म्हणून दर काही महिन्यांनी एकदा नजर टाका. एकाच वेळी अनेक ठिकाणी पोस्ट टाकणारे शेड्युलर वापरत असाल तर हे निवेदन तिथून पुढे जाते का ते मूळ ॲपमध्ये जाऊन तपासा. जात नसेल तर एआयचा मजकूर हातानेच टाका.

निवडणुकीच्या कामाला वेगळे माप

केंद्रीय निवडणूक आयोगाने २४ ऑक्टोबर २०२५ला राजकीय पक्ष आणि उमेदवारांसाठी सूचना काढली. प्रचारातल्या एआयच्या चित्रावर लेबल दिसणाऱ्या क्षेत्राच्या किमान १० टक्के, व्हिडिओत ते वरच्या पट्टीत, आवाजात पहिल्या १० टक्के वेळेत. बनवणाऱ्या संस्थेचे नाव मेटाडेटात किंवा कॅप्शनमध्ये. संमतीशिवाय कोणाचाही चेहरा, आवाज विपर्यस्त करून वापरायचा नाही. पक्षाच्या अधिकृत खात्यावर असा मजकूर आढळला किंवा कोणी कळवला तर तीन तासांत काढायचा. आणि प्रत्येक एआय साहित्याची, करणाऱ्याच्या तपशिलासह आणि वेळेसह, नोंद ठेवायची.

आकडेमोड: १०८० बाय १९२० च्या रीलमध्ये पूर्ण रुंदीची पट्टी १९२ पिक्सेल उंच. १०८० बाय १०८० च्या पोस्टमध्ये १०८ पिक्सेल. १९२० बाय १०८० च्या आडव्या व्हिडिओतही १०८. ही पट्टी रीलमध्ये अगदी वर लावली की ॲपच्या बटणांखाली जाते, म्हणून पट्टी जास्त उंच घ्या आणि अक्षरे तिच्या खालच्या कडेला, वरून २७० पिक्सेल सोडून ठेवा. ३० सेकंदांच्या ध्वनिफितीत खुलासा पहिल्या तीन सेकंदांत बसवायचा, म्हणजे 'हा आवाज एआयनिर्मित आहे' एवढेच वाक्य.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका आणि महापालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, केंद्रीय आयोग नाही. तिथे त्या-त्या वेळची आचारसंहिता आणि आदेश वाचूनच काम घ्या. दिवंगत नेता उमेदवाराला आशीर्वाद देतोय असा व्हिडिओ मागितला गेला, तर संमती कोणाची हा प्रश्न आधी लेखी विचारा.

खऱ्या फोटोवर एआयचे लेबल पडले तर

छायाचित्रकारांची ही जुनी आणि रास्त तक्रार आहे. २०२४मध्ये मेटाने खऱ्या फोटोंवरही 'मेड विथ एआय' लावायला सुरुवात केली, ओरड झाल्यावर ते बदलून 'एआय इन्फो' केले. कारण तांत्रिक होते: फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलने एखादा डाग काढला तरी फाइलमध्ये एआयची नोंद होते आणि प्लॅटफॉर्म ती वाचतो. बातमीचा किंवा स्पर्धेचा फोटो असेल तर किरकोळ साफसफाईला जुना क्लोन स्टॅम्प वापरा आणि कॅमेऱ्यातली रॉ फाइल जपून ठेवा. वाद झाला तर तीच तुमची बाजू मांडते.

तुमचाच चेहरा किंवा आवाज कोणी वापरला तर

पहिले काम पोस्टची लिंक जपण्याचे. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. लिंक, खात्याचे नाव, तारीख-वेळ आणि स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा. 'बघा, माझे काय केलेय' म्हणून ती क्लिप कोणालाही पाठवू नका. मुलांचा मजकूर असेल तर तो साठवणे-पाठवणे हाच गुन्हा आहे. फक्त लिंक टिपून घ्या.

मग प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. ॲपमधल्या 'रिपोर्ट' बटणाबरोबरच, संकेतस्थळावर दिलेल्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर लेखी तक्रार पाठवा. ईमेलची वेळ हीच तुमची घड्याळाची सुरुवात. मुदती लक्षात ठेवा, कारण त्यांची सरमिसळ सगळीकडे झाली आहे. नग्नता, खासगी दृश्य किंवा मॉर्फ केलेल्या चित्रासह तोतयेगिरीची तक्रार पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी केली, तर प्लॅटफॉर्मने दोन तासांत कारवाई करायची आहे. पूर्वी ही मुदत २४ तासांची होती. बहुचर्चित 'तीन तास' तुमच्या तक्रारीसाठी नाहीत. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिकृत सूचना आल्यावर मजकूर काढण्याची ती मुदत आहे, पूर्वी ३६ तास होते. बाकीच्या तक्रारींचा निपटारा सात दिवसांत, आणि नियमात नमूद काही प्रकारचा मजकूर काढण्याच्या विनंतीवर ३६ तासांत.

ईमेलच्या विषयातच 'संमतीशिवाय बनवलेले खासगी दृश्य' किंवा 'एआयने केलेली तोतयेगिरी' असे लिहा. मजकुरात लिंक, तुमची ओळख, 'या दृश्यातली व्यक्ती मी आहे आणि संमती दिलेली नाही' हे वाक्य, आणि नियम ३(२)(ब) चा उल्लेख. भावना समजण्यासारखी असते, पण पानभर मजकुरात लिंक शेवटी आली तर तक्रार चुकीच्या रांगेत जाते.

पैशांची फसवणूक झाली असेल तर आधी १९३० वर फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. बाकी गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल. महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. प्रौढ व्यक्तीची खासगी दृश्ये पसरण्याची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा फोटो स्वतःकडे न घेता तुमच्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा बनवते आणि सहभागी प्लॅटफॉर्मना तो रोखायला देते. १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' ही तशीच सेवा आहे.

तक्रार अधिकाऱ्याने फेटाळली किंवा मुदतीत उत्तर दिले नाही, तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अपील करता येते. त्यासाठी मूळ तक्रारीची प्रत, तिची पोच आणि मिळालेले उत्तर लागते, म्हणून प्लॅटफॉर्मकडून आलेला प्रत्येक ईमेल, अगदी यंत्राने पाठवलेली पोचसुद्धा, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.